टर्बो डिझेलचा पंप वाढवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये डिझेल पंप (इंजिनाला डिझेल मोजून देणारा) आणि नोझलचं (ते सिलिंडरमध्ये फवारणारी तोटी) काम करताना माझी बावीस वर्षं गेली. "गाडी ओढत नाही, जरा तेल वाढवून द्या" हे वाक्य ऐकलं नाही असा दिवस क्वचित जातो. फोनवर आणि टेबलाशी लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं तारेविना चालणाऱ्या, म्हणजे मेकॅनिकल पंपाच्या टर्बो डिझेल गाड्यांसाठी आहेत. कॉमन रेलवाल्यांनी (ती कशी ओळखायची ते प्रश्न २ मध्ये) थेट प्रश्न १६ वर जावं.

१. पंप वाढवतात म्हणजे नक्की काय करतात?

पेट्रोल गाडीत रेस दिली की हवेची वाट उघडते. डिझेलमध्ये रेस दिली की पंप जास्त तेल सोडतो. हवा मात्र इंजिन जमेल तेवढी कायमच ओढत असतं. एका स्ट्रोकला जास्तीत जास्त किती तेल जाईल याची हद्द पंपातल्या फुल लोड स्क्रूने ठरते. कारखान्यात ती लावून लॉकनट आवळतात आणि वर शिशाचं सील किंवा पत्र्याची टोपी बसवतात. ही हद्द पुढे सरकवणं म्हणजे पंप वाढवणं.

कारखाना ती हद्द थोडी आखडती ठेवतो. मे महिन्यातलं ऊन, उंचावरची विरळ हवा, अर्धा तुंबलेला फिल्टर, जादा लोड हे सगळं धरून इंजिन लाखो किलोमीटर टिकायला हवं, म्हणून ती राखून ठेवलेली जागा असते. पंप वाढवताना आपण ती जागा खातो. कुठवर खायची, एवढाच खरा प्रश्न आहे.

२. माझ्या गाडीवर कोणता पंप आहे हे कसं ओळखू?

बॉनेट उघडा आणि नोझलकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्या कुठून निघतात ते बघा. एका रांगेत, शेजारी शेजारी निघत असतील तर इनलाइन पंप. पंपाच्या मागच्या तोंडावर गोलाकार निघत असतील तर रोटरी पंप. यातला जगभर सर्वांत जास्त चाललेला म्हणजे बॉशचा व्हीई. इंग्लंडातल्या लँड रोव्हरच्या २०० आणि ३०० टीडीआय इंजिनांवर तोच होता, आणि अमेरिकेत डॉज ट्रकवर १९८९ ते १९९३ मध्ये आलेल्या ५.९ लिटरच्या कमिन्सवरही तोच. १९९४ पासून त्याच कमिन्सवर इनलाइन पंप आला.

नळ्या एका जाड आडव्या पाइपातून निघत असतील आणि प्रत्येक नोझलच्या डोक्यावर वायरचा कपलर असेल, तर ती कॉमन रेल. तिथे फिरवायला स्क्रू नसतो.

३. तेल वाढवलं की पॉवर वाढते ना? मग सगळे हवेचं का बोलतात?

हिशेब मांडून बघा. अडीच लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन घ्या. एक सिलिंडर ६२५ सीसीचा. टर्बोचा (एक्झॉस्टच्या वायूवर फिरून हवा आत दाबणारा पंखा) दाब आलेला नसताना, तीस अंश तापमानात एका ओढीला साधारण ०.६५ ग्रॅम हवा आत येते. एक भाग डिझेल पुरतं जाळायला कागदावर साडेचौदा भाग हवा लागते. पण डिझेलमध्ये तेल हवेत मिसळायला क्षणाचाही अवधी मिळत नाही, म्हणून धूर नको असेल तर वीस भागांच्या आसपास राहावं लागतं. म्हणजे ०.६५ ग्रॅम हवेला सुमारे ३३ मिलिग्रॅम तेल, आकारमानात ४० घनमिलिमीटर.

आता टर्बोने ०.८ बार दाब दिला आणि इंटरकूलरने हवा ६० अंशांवर आणली. त्याच सिलिंडरमध्ये १.०६ ग्रॅम हवा बसते. मग ५३ मिलिग्रॅम, म्हणजे ६४ घनमिलिमीटर तेल स्वच्छ जळतं. ताकद इथून येते.

हेच ६४ घनमिलिमीटर तुम्ही दाब नसताना दिलं, तर एका भाग तेलाला हवा उरते बारा भागांच्या आसपास. उरलेलं तेल काजळी होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतं, आणि जळणारं तेल उशिरापर्यंत जळत राहून पिस्टन आणि टर्बो तापवतं. हा हिशेब डोक्यात पक्का बसला की पुढची निम्मी उत्तरं तुमची तुम्हालाच सापडतील.

४. टर्बोचा दाब आला हे पंपाला कळतं कसं?

सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डवरून एक बारीक रबरी नळी पंपाच्या डोक्यावरच्या डबीत जाते. त्या डबीला एलडीए म्हणतात. आत रबरी डायफ्राम, त्याखाली स्प्रिंग आणि मधोमध एक कोनासारखी निमुळती पिन. दाब आला की डायफ्राम खाली दबतो, कोन खाली सरकतो, त्याला टेकलेली आडवी पिन कोनाच्या बारीक भागात शिरते आणि लिव्हरला जास्त तेल सोडायची मुभा मिळते. दाब गेला की सगळं उलट. प्रश्न ३ मधला ४० आणि ६४ चा फरक हीच डबी सांभाळते.

५. गाडी ओढत नाही. पंप वाढवण्याआधी काय काय बघू?

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात, म्हणून मीच इथे घातला आहे. माझ्याकडे "तेल वाढवा" म्हणत येणाऱ्या बऱ्याच गाड्यांना तेलाची गरजच नसते.

पहिली गोष्ट, प्रश्न ४ मधली ती बारीक नळी. इंजिनाच्या उष्णतेने ती कडक होते आणि टोकाशी, नेमकी क्लिपच्या खाली तडकते. वरून काहीच दिसत नाही. नळी काढून बोटांत वाकवा. केसाएवढी चीर असेल तर तिथे उघडते. चीर पडलेली नळी म्हणजे पंपाला टर्बो असल्याचा पत्ताच नाही. दोन वितींची नवी नळी टाकली आणि गाडी पहिल्यासारखी पळू लागली, असं कितीतरी वेळा झालं आहे. डायफ्राम फाटला तरी लक्षण हेच.

मग टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंतचे जाड पाइप. जोडापाशी तेलकट धूळ चिकटलेली दिसली की तिथून हवा सुटते असं समजा. साबणाचं पाणी लावून, बाहेरून हलका दाब देऊन बुडबुडे बघता येतात. एअर फिल्टर फुंकून फुंकून पुठ्ठ्यासारखा झाला असेल तर बदला. डिझेल फिल्टर, टाकीतली जाळी आणि सक्शनच्या वॉशरमधून येणारी हवाही बघा.

मग हे: रेसची केबल पंपाच्या लिव्हरला शेवटच्या स्टॉपपर्यंत नेते का? एकाने पाय दाबून धरायचा, दुसऱ्याने पंपाशी बघायचं. क्लच घसरतो का? चाकाचे ब्रेक धरून राहतात का? टॅपेट शेवटचे कधी लावले? आणि डिझेल कुठे भरता? पेट्रोल पंपावर घनता लिहिलेली असते आणि ती मोजून दाखवा म्हणायचा ग्राहकाला हक्क आहे. नोंदीपेक्षा ३ किलो प्रति घनमीटरहून जास्त फरक आला तर ते डिझेल घेऊ नका. रॉकेल मिसळलेलं तेल नुसती ताकद कमी करत नाही. रोटरी पंपाच्या आतले सगळे भाग डिझेलच्याच ओशटपणावर चालतात, तेही ते खाऊन टाकतं.

६. हे सगळं ठीक आहे. आता स्क्रू स्वतः फिरवू का? कुठला आणि किती?

व्हीई पंपाबद्दल सांगतो. फुल लोड स्क्रू मागच्या बाजूला, नळ्या निघतात त्याच्या वर असतो. आत फिरवला की तेल वाढतं. पण मी सुरुवात कधीच तिथून करत नाही. तो स्क्रू सगळीकडे तेल वाढवतो, दाब असताना आणि नसतानाही. एलडीएची डबी मुख्यतः दाबाखालचं तेल वाढवते. म्हणून आधी डबी, तिचं सेटिंग पुरेसं नसेल तरच स्क्रू. डबीची रीत प्रश्न ७ मध्ये आहे.

स्क्रूला हात लावायचा तर आधी लॉकनटच्या बाहेर किती आटे दिसतात ते व्हर्नियरने मोजून वहीत लिहा आणि रंगाची एक रेघ मारा. मूळ जागा हरवली की पंप टेबलवर (प्रश्न १५) लावल्याशिवाय ती परत सापडत नाही. मग एका वेळी जास्तीत जास्त पाव फेरा, लॉकनट आवळायचा, आयडल (रेस न देतानाचे फेरे) चढलं असेल तर आयडलच्या स्क्रूने उतरवायचं आणि लोडवर, चढावर फेरी मारून यायचं. उभ्या गाडीत रेस मारून काहीही कळत नाही, कारण लोड नसताना टर्बो दाब बनवतच नाही.

पायरोमीटर नसेल (प्रश्न ९) तर पाव फेऱ्यावर थांबा.

७. एलडीएच्या डबीत नक्की काय काय फिरवता येतं?

वरचे चार स्क्रू काढले की झाकण निघतं. डायफ्राम उचलण्याआधी त्याच्या कडेला आणि बॉडीवर एकमेकांसमोर खूण करा. ही खूण विसरलेली माणसं मग अंदाजाने तास तास घालवतात.

कोन एकसारखा गोल नसतो, एका बाजूने जास्त खोल घासलेला असतो. डायफ्राम फिरवून खोल बाजू पिनेसमोर आणली की पूर्ण दाबावर जास्त तेल जातं. खरी ताकद इथे आहे.

स्प्रिंगखाली दात्यांचं एक चाक असतं. ते खाली उतरवून स्प्रिंग सैल केली की कोन कमी दाबालाच खाली यायला लागतो, म्हणजे पिकअप लवकर मिळतो. फार सैल केली तर टर्बो जागा व्हायच्या आतच तेल धावतं आणि सिग्नलवरून निघताना मागच्या मोटरसायकलवाल्याच्या तोंडावर काळा ढग जातो.

झाकणाच्या मधोमध जो स्क्रू असतो तो डायफ्रामची वरची बैठक ठरवतो, म्हणजे दाब नसतानाचं तेल. शहरात चालणाऱ्या गाडीला मी त्याला हात लावत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि गाडी चालवून बघा. तिन्ही एकदम फिरवल्या तर बिघडलं कशाने हे कळायला मार्ग राहत नाही.

८. किती धूर चालतो? थोडा काळा धूर म्हणजे पॉवर, असं सगळे म्हणतात.

काळा धूर म्हणजे न जळलेलं तेल, ज्याचे पैसे तुम्ही दिलेले आहेत. गिअर बदलल्यावर टर्बोचा दाब भरेपर्यंत क्षणभर हलकी राखाडी रेघ आली तर हरकत नाही. चढावर पाय दाबून धरला असताना धूर सतत येत असेल, तर तेल हवेच्या पुढे गेलं, मागे घ्या.

पांढरा धूर वेगळा: टायमिंग (तेल सुटायची वेळ) मागे पडलेलं, कॉम्प्रेशन गेलेलं किंवा नोझल टपकतोय. निळसर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, तेव्हा रिंगा नाहीतर टर्बोचे सील बघा. या दोन्हीत पंप वाढवणं म्हणजे आजार झाकणं.

९. पायरोमीटर लावायलाच हवा का? पाण्याचा काटा तर नॉर्मल असतो.

पाण्याचा काटा पिस्टनचं काहीही सांगत नाही. हे मी फार महाग पडून शिकलो.

सुरुवातीच्या वर्षांत एका पिकअपचं तेल मीच वाढवून दिलं होतं. मालक खूश, भिवंडीहून माल भरून कसारा घाट तिसऱ्या गिअरात चढायला लागला. पंधरा दिवसांनी गाडी टोचन करून आली. हेड उघडलं तर तिसऱ्या पिस्टनची कड उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखी गेलेली, ॲल्युमिनियमचे कण लायनरला चिकटलेले. पाणी एकदाही उकळलं नव्हतं. त्या माणसाचा हंगाम बुडाला. त्यानंतर पायरोमीटरचा काटा लावल्याशिवाय मी कुणाचंही तेल वाढवलेलं नाही.

पायरोमीटर म्हणजे एक्झॉस्टच्या वायूचं तापमान मोजणारा थर्मोकपल. तो टर्बोच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये बसवा. टर्बोच्या नंतर बसवला तर लोडवर शंभर-दोनशे अंश कमी दाखवतो आणि खोटा धीर देतो. भोक पाडायला मॅनिफोल्ड खाली उतरवणं उत्तम, कारण बिडाचा एक कण टर्बाइनच्या पात्यांत गेला तर टर्बोच जातो.

माझी मर्यादा: लांब चढावर सतत ७०० अंश सेल्सिअसच्या आत. ओव्हरटेक करताना काही सेकंद ७५० ला टेकलं तर पाय ढिला करायचा. कसाऱ्यात लोड घेऊन चढताना काटा ६५० वरून पाच-पाच अंशांनी वर सरकत असतो, तेव्हा एक गिअर खाली टाकून बघा. फेरे वाढतात, हवा वाढते आणि काटा उतरायला लागतो. ही गोष्ट एकदा डोळ्यांनी बघितलेला ड्रायव्हर आयुष्यात वरच्या गिअरात इंजिन दाबत नाही.

१०. टर्बोचा दाब वाढवला तर जास्त तेल जाळता येईल ना?

थोडं, हो. वेस्टगेट म्हणजे जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप; तिची दांडी आखूड केली की ते उशिरा उघडतं. पण प्रत्येक टर्बोची एक कार्यक्षम पट्टी असते. तिच्या बाहेर गेलं की टर्बो हवा दाबण्यापेक्षा तापवतच जास्त बसतो आणि फेऱ्यांची मर्यादा ओलांडली की पाती तुटतात. मूळ दाबापेक्षा ०.१५ ते ०.२ बारच्या पुढे मूळ टर्बोवर मी जात नाही. बूस्ट गेज न लावता दांडीला हात लावू नका, आणि वेस्टगेटची नळी चिमटा लावून बंद करणं तर अजिबात नको.

११. माझ्या गाडीला इंटरकूलर नाही. लावून फायदा होईल?

होईल, आणि पहिला खर्च मी यावरच करायला सांगतो. बाहेर तीस अंश असताना ०.८ बारला टर्बोतून निघणारी हवा साधारण ११५ अंशांची असते. ती ६० वर आणली तर त्याच दाबात १६ टक्के जास्त हवा मावते. तेलाला न शिवता धूर आणि पायरोमीटर दोन्ही खाली येतात. इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे लावलात तर उन्हाळ्यात पाण्याच्या काट्यावर लक्ष ठेवा.

१२. तेल वाढवल्यावर टायमिंगही पुढे घ्यावं लागतं का?

जास्त तेल आत जायला जास्त वेळ लागतो, म्हणून किंचित पुढे घेतलं तर जळण वेळेत संपतं आणि एक्झॉस्ट थंड राहतो. पण टायमिंग पुढे गेलं की सिलिंडरमधला कमाल दाब वाढतो. हेड गॅस्केट आणि बेअरिंगना तो सोसावा लागतो. थंड इंजिनाचा खडखडाट वाढला की फार झालं असं समजा. डायल गेज लावून, टीडीसीला (पिस्टन सर्वांत वर असताना) पंपाच्या प्लंजरची उचल मोजूनच हे करायचं. पंप ढिला करून कानाने ऐकत फिरवणारे उस्ताद मी पाहिले आहेत; ज्यांचा कान खरंच तयार होता तेही शेवटी गेज लावून खात्री करत.

१३. मोठ्या भोकाचे नोझल टाकले तर?

तेच तेल कमी वेळात आत जातं, म्हणून ताकद वाढते. पण फवारा जाडसर होतो आणि कमी फेऱ्यांना धूर येतो. झिजलेले नोझल असतील तर आधी मूळ मापाचे नवे टाका. जुने डायरेक्ट इंजेक्शनचे नोझल सहसा २०० ते २५० बारला उघडतात आणि झिजले की तो आकडा घसरतो.

नोझल टेस्टरवर फवारा बघताना हात समोर कधीही धरू नका. त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत शिरतं. जखम टाचणीएवढी दिसते, दुखतही नाही, पण काही तासांत बोट कापायची पाळी येते. असं झालं तर घरी न जाता लगेच हॉस्पिटल गाठा आणि "दाबाचं डिझेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगा.

१४. इनलाइन पंपाचं तेलही गाडीवरच वाढवता येतं का?

येतं, पण माझा सल्ला नको असाच आहे. इनलाइनमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र प्लंजर असतो आणि एकच रॅक सगळ्यांना फिरवतो. रॅकची हद्द पुढे नेली की सगळ्यांचं तेल वाढतं, पण आधीपासून असमान असेल तर तो फरकही जास्त जाणवायला लागतो. एका सिलिंडरला जास्त, दुसऱ्याला कमी. पायरोमीटर सरासरी दाखवतो आणि जास्तवालं सिलिंडर गुपचूप जळतं. हा पंप टेबलवरच लावा.

१५. टेबलवर कॅलिब्रेशन करतात म्हणजे काय?

पंप गाडीवरून उतरवून मोटरने फिरणाऱ्या बेंचवर लावतात. प्रत्येक नळी एका काचेच्या नळकांड्यावर सोडलेली असते. १००० स्ट्रोक मोजून तेल आपोआप थांबतं आणि नळकांड्यात किती सीसी जमलं ते वाचायचं. हिशेब सोपा आहे: १००० स्ट्रोकना ६४ सीसी म्हणजे एका स्ट्रोकला ६४ घनमिलिमीटर.

चार नळकांडी शेजारी शेजारी भरतात, फेस बसतो आणि एकातली पातळी बोटभर खाली दिसते. मालकाला मी त्या वेळी बोलावून घेतो. "गाडी थरथरते" म्हणून वर्षभर वणवण केलेला माणूस ती पातळी बघतो आणि पुढे काही समजावून सांगायची गरज उरत नाही. सगळ्या पातळ्या समान आल्या की मगच तेल किती वाढवायचं हे बोलायचं. एलडीएला हवेचा दाब देऊन दाबाखालचं तेलही इथेच मोजता येतं.

१६. माझी गाडी कॉमन रेल आहे. चिप लावू की रिमॅप करू?

स्वस्तातली चिप बहुधा रेलच्या प्रेशर सेन्सरचा सिग्नल फसवते. कॉम्प्युटरला दाब कमी आहे असं वाटतं, तो वाढवतो, तेल जास्त जातं. टर्बो, तापमान, धुराची मर्यादा यांचं गणित मात्र जुनंच राहतं. मी ती लावत नाही.

रिमॅपमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअरच बदलताना, तेलाचं प्रमाण, वेळ, रेलचा दाब आणि टर्बो एकत्र बदलता येतात, म्हणून करायचंच तर तो मार्ग. फक्त इंजिनात मुळात जागा किती आहे ते बघा. रांजणगावला बनलेलं फियाटचं १.३ मल्टीजेट हे चांगलं उदाहरण: १२४८ सीसीचं तेच इंजिन साध्या टर्बोवर ७५ पीएस देतं, आणि ९० पीएसचं करताना कंपनीने त्याला पाती हलणारा, व्हेरिएबल जॉमेट्रीचा टर्बो दिला. वाढीव तेलासाठी हवा आधी आणली, हे लक्षात घ्या. बीएस ६ गाडीत डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) असतो. तेल जास्त झालं की तो काजळीने भरतो. तो कापून काढा म्हणणाऱ्या माणसाकडे गाडी देऊ नका.

१७. पंप वाढवल्यावर ॲव्हरेज वाढतं म्हणतात. खरं आहे?

हलका पाय असेल आणि टर्बोच्या योग्य पट्ट्यात गाडी चालवलीत तर गिअर कमी बदलावे लागतात, त्यामुळे किंचित फरक पडू शकतो. पण वाढलेली ताकद वापरली तर तेल जाणारच. उलट "तेल कमी करून ॲव्हरेज वाढवा" म्हणणारेही येतात. त्यांची गाडी चढावर जास्त वेळ खालच्या गिअरात राहते आणि फायदा तिथेच संपतो.

१८. माझ्या ट्रॅक्टरला टर्बो नाही. रोटाव्हेटर ओढत नाही म्हणून पंप वाढवू?

टर्बो नसेल तर हवा ठरलेली आहे, प्रश्न ३ मधल्या ४० घनमिलिमीटरवाल्या बाजूसारखी. कारखान्याच्या सेटिंगपर्यंत आणा, त्यापुढे फक्त धूर. आधी एअर क्लीनरच्या वाटीतलं ऑइल बघा. शेतातल्या धुळीत ते आठवड्यात चिखल होतं. रोटाव्हेटर ट्रॅक्टरच्या अश्वशक्तीला मोठा असेल तर पंपवाल्याकडे त्याचा इलाज नाही.

१९. स्क्रू फिरवल्यापासून रेस सोडली तरी इंजिन लवकर उतरत नाही. काय झालं?

फुल लोड स्क्रू जास्त आत गेला. व्हीई पंपात तो आत गेला की आयडलही चढतं, आणि एका हद्दीपुढे आयडलच्या स्क्रूने ते उतरत नाही. ही धोक्याची खूण आहे. गाडी रस्त्यावर न काढता स्क्रू खुणेवर परत आणा.

इंजिन स्वतःहून पळतच सुटलं तर चावी आधी बंद करा. तरी थांबत नसेल, उदाहरणार्थ टर्बोचं सील जाऊन ते स्वतःचंच ऑइल पीत असेल, तर हवेचं तोंड लाकडी फळीने झाका. हाताने कधीही नको, इतकी ओढ असते. किंवा वरचा गिअर टाकून, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडा.

२०. इथे नीट चालणारी गाडी लेहला गेल्यावर काळा धूर का मारते?

एलडीएची डबी बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब मोजते. समुद्रसपाटीला बाहेरचा १ आणि टर्बोचा ०.८ मिळून १.८ बार. लेहला, सुमारे ३५०० मीटरवर, बाहेरची हवा ०.६५ बारच्या आसपास. डबीला तिथेही ०.८ दिसतं आणि ती तेवढंच तेल सोडते, पण सिलिंडरमध्ये हवा १.४५ बारची, म्हणजे एक पंचमांश कमी. शिवाय तोच दाब द्यायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं. मूळ सेटिंगची गाडी हे सोसते. वाढवलेल्या गाडीने हिमालयात जायचं ठरवलं तर निघण्याआधी पंप मूळ खुणेवर आणा. महाबळेश्वरला एवढी चिंता नाही.

२१. पीयूसी, आरटीओ, विमा यांचं काय?

डिझेलच्या पीयूसीत धुराची मर्यादा बीएस ४ च्या आधीच्या गाड्यांना ६५ आणि बीएस ४ ला ५० हार्ट्रिज युनिट आहे. प्रश्न ८ प्रमाणे लावलेली गाडी यात बसायला हवी. बसत नसेल तर सेटिंग चुकलं. प्रदूषणाचं मानक मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, १०,००० रुपयांपर्यंत दंडाची आणि कैदेचीही तरतूद आहे. नोंदणीतला तपशील बदलेल असे फेरफार कलम ५२ खाली येतात. वॉरंटीतल्या गाडीला हात लावू नका. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अडचणीचा ठरतो.

२२. पंप वाढवलेली जुनी गाडी घेतोय. ती मूळ सेटिंगला कशी आणू?

आधी वाढवलेली आहे का ते ओळखा. सील नाही, लॉकनटचे कोपरे गोल झालेले, एलडीएच्या स्क्रूंची डोकी झिजलेली, सायलेन्सरच्या तोंडाशी ओलसर काजळीचा थर. मालक नाही म्हणाला तरी या चार गोष्टी सांगतात. मग सौद्याआधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. एक बाकीच्यांपेक्षा बरंच खाली असेल तर प्रश्न ९ मधला पिस्टन आठवा आणि इंजिन बांधायचा खर्च किमतीतून वळता करा.

मूळ सेटिंगसाठी गाडीवर अंदाजाने स्क्रू बाहेर काढू नका. आधीच्याने आणखी काय काय फिरवलंय हे तुम्हाला दिसत नाही. पंप उतरवून टेबलवर लावा. बॉडीवर पत्र्याची एक छोटी पट्टी असते, तिच्यावर पंपाचा पूर्ण नंबर असतो आणि किती फेऱ्यांना, किती दाबाला किती सीसी याचं कोष्टक त्या नंबरावरूनच मिळतं. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पट्टी पुसा आणि पंप उतरवायच्या आधीच तिचा स्पष्ट फोटो काढून ठेवा.